चौथऱ्याखालची वही

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं चांगलं फारसं नाही. अजूनही बँकेत फॉर्म भरून दिला की खिडकीमागची मुलगी तो शेजारणीला दाखवते, आणि मी भलतीकडेच बघत असल्याचं सोंग करते. सहासष्टाव्या वर्षी माणसाने एवढ्याशा गोष्टीने फुलून येऊ नये, पण मी येते. ज्या घरात मी वाढले तिथे अक्षराला जेवढा मान होता तेवढा पाहुण्यांनाही नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांची चित्रं काढायची आणि शेजारी मापं आणि सूचना लिहायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी लिहिलेलं पाहून नवा साहेब हटकून विचारायचा, हे छापून कुठे घेतलंत? मिरजेचे आमचे नातेवाईक अण्णांची पत्रं वाचून झाल्यावर फाडत नसत, तारेला टोचून ठेवत. मजकूर काय, तर आम्ही सर्व खुशाल आहोत, तुम्हीही असाल.

बोलण्याच्या बाबतीत अण्णा कंजूष होते. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी भोंगा झाला की आई फिल्टरमधला डिकॉक्शन पातेलीत काढून दूध तापत ठेवायची. अण्णा यायचे, सायकल भिंतीला लावायचे, आणि त्यांच्या शर्टाला येणारा अमोनियाचा उग्र वास त्यांच्या आधी घरात शिरायचा. ड्रॉइंगच्या प्रती काढायला अमोनिया लागत असे. मग कॉफी, मग हातपाय धुणं, मग वर्तमानपत्र. या सगळ्यात मिळून पाचसहा वाक्यं. आई म्हणायची, "यांच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे फणस सोलायचा." बाहेर सगळं कन्नडात चालायचं, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, मराठी काय ती घरातली. म्हणून रविवारी सकाळी अण्णा मला शुद्धलेखन घालत. टाक, दौत, टीपकागद आणि मिरजेहून रद्दीतून आलेलं एखादं मराठी मासिक. ते एक तुकडा वाचत, माझ्या टाकाची करकर थांबेपर्यंत थांबत, मग पुढचा तुकडा. झालं की लाल पेन्सिल. "वेलांटी झुकलीय." "र ला मान नाही." शाळेत दरवर्षी हस्ताक्षराचं बक्षीस मलाच मिळे, मिरजेची मावशी मोत्याचे दाणे म्हणायची, पण अण्णा फक्त चुका दाखवायचे. एकदा, एकदाच, पान पाहून त्यांनी "बरं आहे" म्हटलं. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर जगले.

माझी बहीण वसू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी बारा वर्षांची आणि ती पाच, त्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे. ती बोलायला उशिरा लागली होती, आणि बोलायला लागल्यावरही स्वल्पच बोलायची. मला ती अक्का म्हणायची, तेही काही हवं असलं तर. ड्रॉइंग ऑफिसात बिघडलेल्या प्रती टाकून देत, त्यांची मागची बाजू कोरी असायची. अण्णा त्या घरी आणायचे, आई त्या कापून दाभणाने शिवून वह्या करायची. त्यातली एक वही वसूला मिळाली आणि ती लिहू लागली. तिला एकही अक्षर येत नव्हतं. पण ती जे काढायची ते चित्र नव्हतं, गिरगोटाही नव्हता. ओळीच्या ओळी, डावीकडून उजवीकडे, समास सोडून. मध्येच कन्नडासारखा वाटोळा वळसा, मध्येच वर आडवी रेघ मारून खाली मराठीसारखं लोंबणारं काहीतरी, मध्येच नुसती लाट. पूर्णविरामासारखं टिंबही द्यायची आणि टिंब दिल्यावर सुस्कारा सोडायची. लांबून पाहिलं तर एखाद्या मोठ्या माणसाने घाईत लिहिलेलं पत्र वाटावं. जवळ गेलं की काहीच नाही.

एका संध्याकाळी कॉफी पिताना अण्णांनी ती वही उचलली. मला वाटलं, आता लाल पेन्सिल. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"बेळ्ळंदूरच्या तळ्यात. एक बेडूक राहत होता. त्याला वाटलं. आपणही नोकरी करावी."

वसूने त्यांच्या मांडीवर हात ठेवला आणि श्वास धरून वहीकडे बघू लागली, जणू हे आपण लिहिलंय हे तिला आत्ताच कळत होतं. बेडूक कारखान्याच्या गेटवर गेला. दरवान म्हणाला, "पास एल्ली? कुठाय पास?" बेडूक म्हणाला, "पाण्यात भिजला." शेवटी त्याला ड्रॉइंग ऑफिसात नेलं आणि साहेबांनी सांगितलं, एक सरळ रेघ काढ. बेडकाने पाय शाईत बुडवले आणि कागदावरून उड्या मारत गेला. एक ठिपका, मोकळी जागा, एक ठिपका, मोकळी जागा. साहेब खुर्चीतून उठले. "अरे, ही तर तुटक रेषा! असा माणूस मी वीस वर्षं शोधतोय!" (वस्तूची जी कड मागे असते, समोरून दिसत नाही, ती ड्रॉइंगमध्ये तुटक रेषेने दाखवतात. हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.) आई स्वयंपाकघरातून हातात पळी घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, नवऱ्याला इतकं सलग बोलताना तिने पाहिलं नव्हतं.

मग रोजच सुरू झालं. भोंगा, कॉफी, वसूची वही. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची, मधे नुसती चौकट, दार नव्हतंच. अण्णा एकेक शब्द सुटा करून, थांबत थांबत वाचायचे, आणि त्या रेंगाळण्याचाही मला राग यायचा. इतकं काय चघळायचं त्यात! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी सातव्या इयत्तेपर्यंत घासून घासून जे अक्षर कमावलं होतं, त्याच्या वाट्याला लाल पेन्सिल, आणि जिला ग म भ न येत नाही तिच्या रेघोट्यांतून बेडूक, राजे, आगगाड्या, पाऊस न पडणारी गावं! हेवा हा शब्द मला माहीत होता, पण तो पोटात नेमका कुठे दुखतो हे तेव्हा कळलं. डाव्या बरगडीखाली. अजूनही तिथेच दुखतो.

एकदा मी पकडलंच त्यांना. आदल्या दिवशी ज्या पानावर बेडूक होता त्याच पानावर आज एक म्हातारी पपनसं विकत होती. मी बाहेर येऊन म्हटलं, "अण्णा, काल इथे बेडूक होता."

"होता," अण्णा म्हणाले. "आज तो कामावर गेलाय. स्वल्प थांब, येईल संध्याकाळी."

वसू खदाखदा हसली. मी आत गेले आणि ठरवलं, पुरावा गोळा करायचा. माझ्याकडे शंभर पानी कोरी वही होती, बक्षिसात मिळालेली. रोज संध्याकाळी टाक दौतीत बुडवून मी अण्णा जे वाचतील ते उतरवून घेऊ लागले. पान कितवं, वार कोणता, काय वाचलं. एक दिवस दोन्ही पानं समोर ठेवायची आणि आईसमोर सिद्ध करायचं की हे खोटं वाचतात, तिने काही लिहिलेलं नाही. चाळीस-पंचेचाळीस संध्याकाळी मी लिहिलं. कोर्टात उभं राहायची तयारी चालली होती माझी.

तेवढ्याने भागलं नाही, म्हणून मी स्वतःही तसं लिहून पाहिलं. कबूल करायला लाज वाटते, पण चांगले दोन तास बसले. हात सैल सोडला, डोळे किलकिले केले, वळसे काढले, लाटा काढल्या. माझं पान वसूच्या कुठल्याही पानापेक्षा देखणं होतं. अण्णा कॉफी पीत असताना मी ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "हे वाचा." त्यांनी चष्मा पुसला, घसाही खाकरला. मी वाट पाहिली. पण त्यांचं बोट पहिल्या ओळीवरच अडलं.

"हा क आहे," ते म्हणाले. "हा ळ. हा कन्नडातला म. हा बघ, इथे स्पष्ट 'आणि' आलंय." त्यांनी आणखी दोन ओळी पाहिल्या आणि कागद परत दिला. "तुझ्या हाताला उगाच लिहिता येत नाही, माली."

आज वाटतं, ते कौतुक असेल. लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो. मी मारुती करायला गेले तरी गणपतीच होत होता, आणि यात वाईट काय? पण त्या दिवशी मला कानाखाली मारल्यासारखं झालं. वसू जवळच पालथी पडून लिहीत होती. तिने मान वर करून माझ्या कागदाकडे पाहिलं, आणि प्रेमाने, अगदी प्रेमाने म्हणाली, "अक्का, छान आहे." तिचा गळा धरावासा वाटला.

त्या दिवसांत आमच्या वसाहतीतल्या मराठी बायकांचं मंडळ रामनाम लिहीत होतं. मंडळातल्या एका बाईंच्या यजमानांची देवनहळ्ळीच्या पलीकडे थोडी शेती होती, तिथे छोटंसं राममंदिर बांधायचं ठरलं होतं. मूर्ती बसवायच्या चौथऱ्याखाली जपाच्या वह्या ठेवायच्या, म्हणजे देव नुसत्या दगडावर न बसता नामावर बसतो. आईसुद्धा भात शिजेपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता 'श्रीराम जय राम जय जय राम' लिहीत बसायची. वह्या कुठल्या? त्याच, बिघडलेल्या प्रतींच्या. सगळ्यांच्या वह्या गोळा झाल्या की लाल कापडात बांधायच्या, दोऱ्याने शिवायच्या आणि वर लिहिणारीच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठ्या कोण लिहिणार? अर्थात मी. बांधलेलं गाठोडं पुन्हा कोणी उघडायचं नसतं.

पुढचं लिहायला हात जड होतो, म्हणून सरळच लिहिते. आईचं गाठोडं मीच बांधलं. आईच्या सहा वह्या होत्या. मी त्यांच्या मधोमध सातवी घातली. वसू तेव्हा शेजारी हळदीकुंकवाला गेली होती आईबरोबर. सातही वह्या सारख्याच आकाराच्या, सारख्याच कागदाच्या, आईनेच शिवलेल्या. मी कापडाची टोकं दुमडली, टीप घातली आणि आईचं नाव इतकं सुरेख लिहिलं की दुसऱ्या दिवशी मंडळातल्या बायकांनी ते गाठोडं हातोहात फिरवून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात त्या दिवशी भर दुपारचं ऊन होतं.

रविवारी देवनहळ्ळीला बस गेली. सगळी वसाहत लोटली होती. किल्ल्याच्या भिंतीपाशी अण्णांनी पपनस घेतलं, तिथे त्याला चक्कोता म्हणतात, आणि बसमध्ये सोलून सगळ्यांना फोडी वाटल्या. शेतात मांडव होता. केळीच्या पानावर चित्रान्न, कोशिंबीर आणि तुपाने थबथबलेली होळिगे म्हणजे आपली पुरणपोळी. मी तीन खाल्ल्या. अपराधी माणसाची भूक मरते असं कादंबऱ्यांत असतं, माझी मेली नाही. जेवणाआधी वह्या ठेवायचा कार्यक्रम झाला. चौथऱ्याच्या चार भिंती उभ्या होत्या, आत पोकळ. बायका ओळीने उभ्या राहून गाठोडी हातोहात पुढे देत होत्या. आईचं गाठोडं पुढे आलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "लहान मुलाच्या हातून ठेवा." अण्णांनी वसूला उचलून खांद्यावर घेतलं. तिने दोन्ही हातांनी ते गाठोडं धरलं, अण्णा वाकले, आणि वसूने स्वतःच्या हाताने आपली वही त्या पोकळीत सोडली. मग टाळ्या वाजवल्या. मी सगळं बघत होते. आणि मला त्या क्षणी काय वाटलं असेल? भीती नाही. पश्चात्ताप नाही. मला वाटलं, बघा, उचलून घेतलं ते तिलाच.

वरून फरशी बसली.

घरी आल्यावर शोधाशोध सुरू झाली. गाद्या झटकल्या, रद्दी उपसली. "बसमध्ये नेली होतीस का गं?" आई विचारायची, आणि वसू होही म्हणायची, नाहीही. तीन दिवस ती रडली. चौथ्या दिवशी अण्णांनी नवी वही आणली, आईने शिवली, वसूने लिहायलाही घेतलं. पण संध्याकाळी अण्णांनी हात पुढे केला तेव्हा तिने वही फ्रॉकखाली लपवली. पुन्हा कधी तिने ती कुणाच्या हातात दिली नाही. गादीखाली ठेवायची, शाळेच्या पिशवीत ठेवायची, आंघोळीला जाताना सोबत न्यायची. अण्णा कॉफी घेऊन बसायचे. दोनचार दिवस चष्मा पुसून तयार राहिले, मग वर्तमानपत्र उघडलं. मी मनात मांडे खात होते की आता माझी पाळी. आतल्या खोलीत दिवा मोठा करून, टाकाचा आवाज मुद्दाम मोठा करत मी बसायची. पण त्या घरातला तो आवाज गेला तो गेलाच. रविवारचं शुद्धलेखनही महिन्याभरात बंद पडलं, मला आता इंग्रजीचा अभ्यास जास्त होता. अण्णा पुन्हा पाच वाक्यांवर आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. माझ्या हाती काय लागलं? शांतता. ती तर आधीही होती.

पुढची चोपन्न वर्षं मी दोन ओळींत उरकते. माझं लग्न झालं, बँकेत नोकरी केली, आता मुलाकडे बेळ्ळंदूरला अकराव्या मजल्यावर राहते. खिडकीतून बेडकाचं ते तळं दिसतं, मात्र त्यात आता बेडूकही राहायला धजणार नाही. वसू बडोद्याला चित्रकला शिकायला गेली, तिथेच राहिली, आणि काय काढते तर तेच. आता भिंतीएवढ्या कापडावर, पण त्याच ओळी, तेच वळसे, तोच समास. अर्थ नसलेलं हस्ताक्षर. जगात अशी कला आहे म्हणे, तिला इंग्रजी नावही आहे. नातीने दोनदा सांगितलं, मी दोनदा विसरले. वर्तमानपत्रात वसूचा फोटो आला की मी तो कापून ठेवते आणि बरगडीखाली हात दाबते.

गेल्या महिन्यात तिचं प्रदर्शन इथे कोरमंगलात होतं, एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली कॉफी अडीचशे रुपयांना, आणि डिकॉक्शन पातळ. नात ईशा मला घेऊन गेली. "आजी, तू बघच, इट्स सो कूल, वसूआजी इज लाइक फेमस फेमस." तरुण पोरं-पोरी चित्रांपुढे उभी राहून फोटो काढत होती. शेवटी वसूला माईक दिला आणि कोणीतरी विचारलं, मॅम, यात काय लिहिलंय? मला वाटलं, आता काहीतरी जड बोलेल. ती इंग्रजीत म्हणाली, "मला माहीत नाही. माझ्या वडिलांना माहीत होतं. ते मला वाचून दाखवायचे. मी पाच वर्षांची होते, काय वाचायचे त्यातलं मला काही आठवत नाही, एक शब्दसुद्धा नाही. नुसता आवाज आठवतो. ते आठवावं म्हणून मी लिहीत असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली, ती शंभर पानी वही होती.

रात्रभर डोळा लागला नाही वगैरे काही झालं नाही, झोपले. पण सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं. दुपारी वसूचं विमान. मी म्हटलं, मी येते तुला सोडायला. विमानतळ आता देवनहळ्ळीलाच आहे. वळणाआधी मी ड्रायव्हरला म्हटलं, "स्वल्प मुंदे होगी, देवस्थान इदे." थोडं पुढे चला, देऊळ आहे. तो म्हणाला, "सरी अम्मा." शेत राहिलेलं नाही, सगळीकडे प्लॉटांचे दगड आणि बंगल्यांच्या पाट्या, पण मधोमध देऊळ आहे, आता ऑइलपेंट दिलेलं. दुपारची वेळ, गाभाऱ्याला कुलूप. आम्ही पायरीवर बसलो. वसू म्हणाली, "इथे मी आलेय का गं कधी?"

"अण्णांच्या खांद्यावर," मी म्हटलं. आणि सांगितलं. सातवी वही, लाल कापड, टीप, चिठ्ठी, सगळं. काही वगळलं नाही, होळिगेसुद्धा.

तिने वळून गाभाऱ्याच्या कुलपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती मीच हरवली असं वाटायचं मला. अण्णांनी दिलेली वही मी हरवली म्हणून ते माझ्याशी बोलेनासे झाले. मला वाटायचं, नवी दिली तर तीही हरवेल, मग ते आणखी रागावतील. म्हणून नाही दिली." तिचा आवाज चढला. "अक्का, चोपन्न वर्षं! अण्णा गेले तेव्हा तरी सांगायचंस!" ती उठली आणि देवळाला एकटीच प्रदक्षिणा घालायला गेली. मागच्या बाजूला गेली ती बराच वेळ आली नाही. मला वाटलं, आता ही गाडीत बसून निघून जाणार, आणि तसं झालं तर ते योग्यच होतं. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. गाभाऱ्याच्या जाळीतून तिने खाली चौथऱ्याकडे पाहिलं आणि अचानक हसली. "लोक पन्नास वर्षं माझ्या वहीला नमस्कार करतायत की गं." मग पुन्हा रडली.

मी पर्समधून माझी वही काढली. म्हटलं, "अण्णा काय वाचायचे, ते यात आहे. सगळं. कामावरून परतलेला बेडूक पहिल्याच पानावर आहे."

वसूने वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि वही हातभर लांब धरली.

"चष्म्याशिवाय वाचणार कशी?"

"वाचत नाहीये. बघतेय." तिने पान उलटलं. आणखी एक. मग वहीच उलटी फिरवली, खालची बाजू वर, आणि तशीच पाहत राहिली. मला राग येऊ लागला. मी काळीज काढून हातात दिलं होतं आणि ही बाई ते उलटंसुलटं करत होती. "हे अण्णा बोलत असताना लिहिलंस?" तिने विचारलं.

"मग? आठवून थोडंच लिहिलंय."

"टाकाने?"

"टाकाने."

"बोलणाऱ्यामागे पळत लिहिलं की अक्षर असं येत नाही, अक्का. ओळ वर चढते, शेवटचे शब्द आडवे होतात, निब फाटते. मी जन्मभर दुसरं काय केलंय? इथे एक काट नाही. प्रत्येक वेलांटी पुरी आहे. प्रत्येक र ला मान आहे." तिने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुझा टाक थांबेपर्यंत ते थांबायचे. वही माझी होती, पण शुद्धलेखन ते तुला घालत होते."

देवळाबाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी तशीच पायरीवर बसून राहिले. अण्णांचं ते सुटं सुटं, रेंगाळत वाचणं कानात आलं, आणि दोन शब्दांच्या मधल्या त्या जागा, ज्यांचा मला इतका राग यायचा. त्या जागांत आतल्या खोलीतून माझ्या टाकाची करकर येत असे. ती वही मी आयुष्यात शंभरदा वाचली असेल, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

वसूने आपल्या पदराने माझे डोळे पुसले. आणि खरं सांगायचं तर, ती पुसत असताना माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की तेही दिसावं तर तिलाच.